जर्मन ब्रोटशेनमध्ये स्पॅनिश भाजलेलं पोर्क: कड कुरकुरीत, मांस रसाळ

हॅम्बुर्गमध्ये ‘रुंडश्ट्युक वार्म’ नावाचा एक जुना पदार्थ मिळतो. गोल पाव मधोमध कापायचा, त्यावर भाजलेल्या मांसाचे काप मांडायचे आणि वरून गरम रस्सा ओतायचा. रस्सा पडला की पाव उचलण्यासारखा राहत नाही, म्हणून तो काटा-सुरीने खातात. स्पेनचा बोकादियो, म्हणजे तिथलं पावाचं सँडविच, याच्या अगदी उलट. तो हातात धरूनच खायचा, त्यामुळे त्यात रस्सा नसतो. सेव्हियाच्या सेर्रानितो नावाच्या बोकादियोत डुकराच्या पाठीच्या मांसाचे तव्यावर परतलेले काप, हामोन (मीठ लावून वाळवलेलं डुकराच्या मांडीचं मांस), तळलेली हिरवी मिरची आणि टोमॅटो असतो. चव भरपूर, पण मांस तसं कोरडंच.

इथे दिलेलं सँडविच या दोघांच्या मधलं आहे. पाव जर्मन, म्हणजे ब्रोटशेन; मांस, मसाला आणि सोबतच्या मिरच्या स्पॅनिश. स्पेन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात १९६० साली कामगारभरतीचा करार झाला आणि त्यानंतर मोठ्या संख्येने स्पॅनिश माणसं जर्मनीत कामाला आली, तेव्हा ही जोडी काही ओढूनताणून जमवलेली नाही.

या पदार्थातली खरी अडचण ओलाव्याची आहे. ब्रोटशेनची कड तासा-दोन तासांत हवेतल्या दमटपणानेही मऊ पडते, मग गरम, रसाळ मांस आत भरल्यावर काय होईल ते उघड आहे. मांस कोरडं ठेवलं तर सँडविच घशात अडकतं, ओलं ठेवलं तर पावाचा लगदा होतो. म्हणून मांसाचा कोणता भाग घ्यायचा, रस किती आटवायचा, पावाला आतून काय लावायचं हे सगळं या एकाच हिशोबाने ठरवायचं. मापं १० सँडविचची आहेत.

वेळेचा हिशोब

ओव्हन एकच असेल तर मांस आणि पाव एकाच वेळी भाजता येत नाहीत, कारण मांसाला १५० अंश लागतात आणि पावाला २३०. आधी मांस, मग पाव, हाच क्रम बरोबर. झाकून ठेवलेलं मांस तासभर सहज गरम राहतं. भाजलेला पाव मात्र वाट बघत नाही. रविवारी दुपारी एकला जेवायचं असेल तर शनिवारी दुपारी मांसाला मसाला लावा आणि रात्री नऊला पावाचं आंबवण भिजवा. रविवारी सकाळी आठला मांस ओव्हनमध्ये. पावणेदहाला कणीक मळायला घ्या. साधारण पावणेबाराला मांस बाहेर येईल, ओव्हन तापवा, बारा-सव्वाबाराला पाव आत टाका. भाजल्यावर त्यांना अर्धा तास जाळीवर निवू द्या.

मांस: मानेचा भाग, पाठीचा नाही

बिनहाडाचं १.८ किलो घ्या. जर्मनीत खाटकाकडे ‘श्वाइनेनाकेन ओने क्नोखेन’ मागितलं की हाच भाग मिळतो. त्यात चरबीच्या रेषा सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात आणि स्नायूंना जोडणाऱ्या ऊतींचं, म्हणजे कोलॅजेनचं प्रमाण चांगलं असतं. सावकाश शिजताना या कोलॅजेनचं जिलेटिन होतं. मांस मऊ करायला ते लागतंच, शिवाय रसाला दाटपणाही त्यामुळेच येतो. जिलेटिनवाला रस मांसाला चिकटून राहतो, पाण्यासारखा पावात झिरपत नाही. खांद्याचा भाग, म्हणजे ‘शुल्टर’, हाही चालतो, फक्त थोडा कमी चरबीचा निघतो.

पाठीचं सरळ, गुलाबी, चरबी नसलेलं मांस देखणं दिसतं, पण या पद्धतीला ते निरुपयोगी आहे. ते ६५ अंशांपुढे गेलं की कोरडं पडायला लागतं आणि आपल्याला तर ९० अंशांपर्यंत जायचं आहे.

गोव्यात, वसईत, मुंबईत पोर्क घेताना ‘शोल्डर’ किंवा ‘नेक’ सांगा आणि कातडी काढून घ्या. कातडी ओलसर भांड्यात झाकून शिजली तर चिवट होते आणि सँडविचमध्ये दाताखाली येते. वरच्या चरबीचा अर्धा सेंटिमीटर थर मात्र ठेवा.

तुकडा लांबीच्या दिशेने, म्हणजे धाग्यांच्या दिशेने कापून साधारण ९०० ग्रॅमचे दोन भाग करा. मसाला जास्त जागेला लागतो आणि भाजायचा वेळही आटोक्यात राहतो. अख्खा तुकडा ठेवला तर बाहेरची बाजू तयार होऊनही मध्यभाग घट्ट राहू शकतो.

पोर्क खात नसाल तर बोकडाचा किंवा मेंढीचा खांदा घ्या. ही तडजोड समजू नका. कास्तियामध्ये कोकराचा खांदा ओव्हनमध्ये भाजण्याची मोठी परंपरा आहे. हाडासकट २.२ किलो लागेल, आणि आपल्याकडचं बोकडाचं मटण चिवट असल्याने वेळ पाऊण ते एक तास जास्त धरा. कोंबडीच्या बिनहाडाच्या मांड्या १.६ किलो घेतल्या तर १९० अंशांवर ४० मिनिटांत काम होतं, पण रस पातळ निघतो. तो जास्त आटवावा लागेल.

आदोबो: मसाला

१.८ किलो मांसासाठी:

- मीठ २७ ग्रॅम (मांसाच्या वजनाच्या दीड टक्का)
- गोडा पिमेंतोन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड) २० ग्रॅम
- तिखट पिमेंतोन ५ ग्रॅम
- लसूण ३० ग्रॅम, म्हणजे ८-९ मोठ्या पाकळ्या
- सुकं ओरेगानो ४ ग्रॅम
- जिरं ३ ग्रॅम, भाजून कुटलेलं
- काळी मिरी ३ ग्रॅम
- शेरी व्हिनेगर ३० मिलिलिटर
- ऑलिव्ह तेल ६० मिलिलिटर

सगळी चव पिमेंतोनवर उभी आहे, म्हणून डबा घेताना वाचून घ्या. एस्त्रेमादुरातल्या ला वेरा खोऱ्यात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवतात. तो पिमेंतोन धुरकट, गडद लाल असतो. मुर्सियाकडचा पिमेंतोन उन्हात वाळवलेल्या मिरच्यांचा असतो आणि त्याला धुराचा वास नसतो. दोन्ही चांगले, पण इथे ला वेराचाच हवा. डब्यावर ‘दुल्से’ म्हणजे गोडा, ‘आग्रिदुल्से’ म्हणजे मधला आणि ‘पिकान्ते’ म्हणजे तिखट. उघडलेला डबा सहा महिन्यांत संपवा. रंग विटकरी झाला की वासही गेलेला असतो.

पिमेंतोन मिळालाच नाही तर १२ ग्रॅम बेडगी मिरचीची पूड घ्या (ती गोड्या पिमेंतोनपेक्षा तिखट असल्याने माप कमी) आणि मसाला लावलेल्या मांसाला निखाऱ्याचा धूर द्या. वाटीत पेटता कोळसा, त्यावर तेलाचे दोन थेंब, पातेल्यावर घट्ट झाकण, पाच मिनिटं. चव ला वेराची येणार नाही, पण मिरची आणि धूर हे नातं टिकतं. गरम मसाला, धने, आलं यांतलं काही घालू नका, मग ते आपलं नेहमीचं भाजलेलं मटण होतं.

लसूण आणि मीठ खलबत्त्यात एकत्र कुटून त्याची लगदी करा, मग पूड, शेवटी व्हिनेगर आणि तेल. हाताने सगळीकडे, भेगांमध्येही, चोळून लावा आणि झाकून फ्रिजमध्ये २४ तास ठेवा. १२ तासही चालतील. ३६ तासांपलीकडे जाऊ नका, कारण व्हिनेगरमुळे बाहेरचा थर भुसभुशीत होतो. त्याच कारणाने व्हिनेगर वाढवायचा मोह टाळा. गोव्याच्या विंदालूची सवय असलेल्यांना ३० मिलिलिटर फारच थोडं वाटेल. दोन्हींची जात एकच, आयबेरियातली व्हिनेगर-लसणाची. पण विंदालू रश्शाचा पदार्थ आहे आणि हे भाजण्याचं मांस आहे.

भाजणं

ओव्हनमध्ये घालण्याआधी मांस ४० मिनिटं बाहेर काढून ठेवा. खोलगट ट्रेमध्ये दोन मोठे कांदे जाड गोल चिरून पसरा, दोन तमालपत्रं टाका, १५० मिलिलिटर कोरडी व्हाइट वाइन आणि तेवढंच पाणी ओता. वाइन नको असेल तर ३०० मिलिलिटर पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. कांद्यांवर मांस ठेवा, म्हणजे ते तळाला लागत नाही. वरून फॉइल इतकी घट्ट बसवा की कडेने वाफ सुटायला जागा राहू नये.

१५० अंश, वर-खाली आच. पंखा चालू असेल तर १३५. सव्वातीन तास. मध्ये उघडून बघू नका.

मग फॉइल काढा, आच १९० करा, ट्रेमधला रस चमच्याने मांसावर ओता आणि २० ते २५ मिनिटं उघडं भाजा. दर सात-आठ मिनिटांनी पुन्हा रस ओतायचा. रंग गडद तांबडा, कडा जवळजवळ काळपट व्हायला लागल्या की थांबा.

उलट क्रम, म्हणजे आधी मोठ्या आचेवर रंग आणायचा आणि मग झाकून शिजवायचं, इथे चालत नाही. पिमेंतोनमध्ये साखर असते आणि पूड अतिशय बारीक असते, त्यामुळे ती कोरड्या आचेवर काही मिनिटांत करपते. करपलेल्या पिमेंतोनचा कडूपणा मग तीन तास रसात उतरत राहतो आणि तो कशानेही झाकता येत नाही. ट्रेच्या कडेला रस आटून काळा होताना दिसला तर लगेच अर्धी वाटी गरम पाणी घाला.

मांस झालं की नाही हे थर्मामीटरने बघा. मध्यभागी ९० ते ९२ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर काटा खुपसून फिरवा. मांस विरोध न करता धाग्या-धाग्यांनी सुटलं पाहिजे. सुटत नसेल, रबरासारखं लागत असेल, तर पुष्कळ जण ‘जास्त शिजलं’ म्हणून बाहेर काढतात. बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं. कोलॅजेन अजून विरघळलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. झाकून आणखी अर्धा तास द्या. कच्च्या पोर्कबद्दल असलेली काळजीही या तापमानाला उरत नाही.

मांस बाहेर काढून पातेल्यात ठेवा, झाकण लावा, भोवती जाड टॉवेल गुंडाळा. कमीत कमी अर्धा तास हात लावू नका. गरमागरम मांस उकललं तर वाफेबरोबर सगळा ओलावा निघून जातो.

दरम्यान ट्रेमधला रस कांदे दाबून गाळून घ्या. उंच भांड्यात दहा मिनिटं ठेवला की वर लालभडक चरबीचा थर येतो. तो टाकू नका. आंदालुसियात पिमेंतोन घातलेली डुकराची लाल चरबी नाश्त्याला पावावर लावतात, ‘मान्तेका कोलोरा’ म्हणतात तिला. ही चरबी त्याच गोत्रातली आहे आणि पावाला ओलीपासून वाचवायला पुढे तीच उपयोगी पडणार आहे. ती वाटीत वेगळी काढा. खालचा रस लहान पातेल्यात आटवा, साधारण २०० मिलिलिटर उरेपर्यंत. चमचा बुडवून उलटा केला, बोटाने मागच्या बाजूवर रेघ ओढली आणि ती मिटली नाही, म्हणजे दाटपणा जमला. मीठ आटल्यावरच चाखा. आधी चाखून घातलंत तर शेवटी खारट होणार, कारण मांसातलं मीठ रसात उतरलेलं असतं.

ब्रोटशेन

उत्तरेत रुंडश्ट्युक, बर्लिनमध्ये श्रिप्पे, बव्हेरियात झेम्मेल, श्वाबियात वेकले: नावं निरनिराळी, पण साधा पांढरा ब्रोटशेन सगळीकडे साधारण एकच असतो. पातळ, तडकणारी कड आणि आत हलका, जरा चिवट गर. राईचं पीठ किंवा बिया असलेले प्रकार या मांसाला जड पडतात. बेकरी जवळ असेल तर सकाळी आणलेले साधे ब्रोटशेन पुरे, तिथे कष्ट करायची गरज नाही. भारतात असाल तर मुंबईचा ब्रुन पाव किंवा गोव्याचा उंडो सगळ्यात जवळचा. लादी पाव किंवा बर्गरचा बन नको. दूध-साखर-लोण्याचे मऊ पाव रस पिऊन बसतात.

घरी करायचे तर हे माप:

*रात्रीचं आंबवण:* पीठ १५० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट चिमूटभर (मिठाच्या चिमटीएवढं).

*सकाळची कणीक:* पीठ ४५० ग्रॅम, पाणी २०५ ग्रॅम, मीठ १२ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, बेकिंग माल्ट ६ ग्रॅम (नसेल तर तेवढीच साखर), लोणी १२ ग्रॅम.

पीठ जर्मनीत ‘टाइप ५५०’ घ्या. हा आकडा पिठातल्या खनिजांचा असतो: १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर साधारण ५५० मिलिग्रॅम राख उरते. केकचं ४०५ नंबरचं पीठ जास्त पांढरं असतं, पण पावाला त्यात तेवढं बळ नसतं. भारतात साधा मैदा कमी प्रथिनांचा निघू शकतो. पाकिटावर १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेला मैदा निवडा. तसा मिळाला नाही तर पाणी १५-२० ग्रॅमने कमी करा, नाहीतर पाव चपटे होतात.

आंबवण भिजवून झाकून ठेवा. २० अंशांच्या स्वयंपाकघरात १२ तास लागतात, महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात ७-८ तासांतच ते तयार होतं. वर बुडबुडे आलेले, मध्यभाग किंचित खचायला लागलेला, वास दह्यासारखा सौम्य आंबट: ही खूण. दारूसारखा तीव्र वास आला तर ते उतरलेलं आहे. उकाड्याच्या रात्री दोन तास बाहेर ठेवून मग सरळ फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं.

सकाळी सगळं एकत्र करून मशीनमध्ये ८ मिनिटं किंवा हाताने १२-१३ मिनिटं मळा. कणीक घट्टसर, गुळगुळीत, हाताला न चिकटणारी हवी. उन्हाळ्यात पाणी फ्रिजमधलं वापरा; मळून झाल्यावर कणकेचं तापमान २५-२६ अंश असावं. एक तास झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाने एकदा चारी बाजूंनी घडी घाला.

आता साधारण ९८ ग्रॅमचे १० गोळे. बेकरीतल्या ब्रोटशेनपेक्षा हे थोडे मोठे आहेत, कारण आत मांस मावायला हवं. हलकेच गोल करून १५ मिनिटं विसावू द्या, मग पुन्हा घट्ट गोल वळा आणि तळहाताखाली दाबून लांबट करा. वळताना वरची कातडी ताणलेली राहिली पाहिजे. सैल वळलेला पाव ओव्हनमध्ये वर उठत नाही, आडवा पसरतो. पीठ भुरभुरलेल्या सुती कपड्यावर सांधा वर करून ठेवा आणि कपड्याने झाका.

दुसरी फुगवण ३०-४० मिनिटं, गरम हवेत २०-२५. इथे घाई आणि उशीर दोन्ही नडतात, पण उशीर जास्त. बोटाने हलकं दाबा; खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर भाजायची वेळ झाली. खळगा तसाच राहिला तर पाव जास्त फुगलाय, त्यावर चीर दिली की तो बसतो. तसं झालंच तर चीर न देता भाजा, निदान उंची टिकेल.

ओव्हन २३० अंशांवर, तळाला एक रिकामा लोखंडी ट्रे ठेवून, नीट तापवा. पाव उलटे करून सांधा खाली घ्या, धारदार पात्याने लांबीवर एक सेंटिमीटर खोल एकच चीर द्या, वर पाणी फवारा. पाव आत ठेवले की तळाच्या ट्रेमध्ये कपभर उकळतं पाणी ओता आणि दार पटकन लावा. ओतताना काचेच्या दारावर टॉवेल टाका. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकू शकते.

वाफेचं काम पहिली आठ-दहा मिनिटं. पावाची कातडी ओलसर राहिल्याने तो फुगताना ती ताणली जाते आणि चीर उघडते. पृष्ठभागावरच्या स्टार्चची पातळ खळ होते आणि तीच पुढे वाळून चकाकणारी कड बनते. वाफ नसेल तर कातडी आधीच वाळते आणि पाव बाजूने कुठेही फाटतो. दहा मिनिटांनी दार उघडून वाफ जाऊ द्या. हे विसरलं तर कड चामड्यासारखी होते. त्यानंतर आणखी ८-१० मिनिटं, सोनेरी तपकिरी होईपर्यंत. या पदार्थासाठी दोन मिनिटं जास्तच भाजा. फिकट कड मांसाच्या वाफेपुढे टिकत नाही.

छोट्या ओटीजीमध्ये पाणी ओतू नका, खाली उघड्या विजेच्या कांड्या असतात. त्याऐवजी ट्रेवरचे फवारलेले पाव तापलेल्या स्टीलच्या पातेल्याने उलटं झाकून भाजा आणि दहा मिनिटांनी पातेलं काढा. पावांचंच पाणी आत वाफ बनून कोंडलं जातं. अर्थात एका वेळी तीन-चारच होतील.

पावसाळ्यात किंवा आदल्या दिवशी करायचे असतील तर १४ मिनिटांनी, रंग येण्याआधी काढा, निववून फ्रीझ करा आणि वाढायच्या वेळी २२० अंशांवर ८ मिनिटं द्या.

मिरच्या, आलिओली, चीज

नावार्रातल्या लोदोसाच्या पिकियो मिरच्या आगीवर भाजून हाताने सोलतात आणि बरणीत भरतात. त्या मिळाल्या तर १० पावांना साधारण ३५० ग्रॅम लागतील. नाही तर चार मोठ्या लाल ढोबळी मिरच्या गॅसवर वांग्यासारख्या भाजा, काळ्या करा, झाकून १५ मिनिटं ठेवा आणि साल काढा. नळाखाली धुऊ नका, धुराची चव पाण्याबरोबर जाते. चिकटलेले काळे कण ओल्या बोटांनी पुसले तरी पुरे. पट्ट्या करून दोन चमचे ऑलिव्ह तेल, तीन चिरलेल्या लसूणपाकळ्या, चिमूटभर साखर आणि मीठ घालून मंद आचेवर १५ मिनिटं परता. मिरचीत पाणी खूप असतं आणि ते इथेच उडवायचं असतं. तेल कडेला सुटून मिरच्या चमकायला लागल्या की झालं.

अस्सल आलिओलीत, म्हणजे लसणाच्या दाट सॉसमध्ये, फक्त लसूण, मीठ आणि तेल. ती खलबत्त्यात थेंब-थेंब तेल घालत करावी लागते आणि सहज फुटते. घरी बहुतेक जण अंड्याची करतात. स्पेनने १९९१ मध्ये हॉटेलांतल्या मेयोनेजसाठी कच्च्या अंड्यांऐवजी पाश्चराइझ केलेलं अंडं वापरायचा नियम केला, तो साल्मोनेलाच्या धोक्यामुळे. आपल्या हवेत तर दुधाची आलिओली सगळ्यात बरी. साधारण तापमानाचं १०० मिलिलिटर सायीचं दूध, एक लसूणपाकळी, अर्धा चमचा मीठ, १६० मिलिलिटर सूर्यफूल तेल आणि ५० मिलिलिटर ऑलिव्ह तेल उंच अरुंद भांड्यात घाला. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि खालून पांढरं दाट होईपर्यंत, दहा-पंधरा सेकंद, उचलू नका. मग सावकाश वर आणा. लिंबाचा रस दोन चमचे, अगदी शेवटी. सगळं तेल ऑलिव्हचं घेऊ नका. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल ब्लेंडरमध्ये घुसळलं की कडू होतं. ही आलिओली फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा.

चीज मांचेगो, पण ‘सेमिकुरादो’, म्हणजे मध्यम मुरलेलं. फार जुनं मांचेगो वितळत नाही, नुसतं तेल सोडतं. २०० ग्रॅमचे कागदासारखे पातळ काप करा.

जोडणी

पाव आडवा पूर्ण कापा. वरच्या अर्ध्या भागातला थोडा गर बोटांनी काढून टाका, मांसाला जागा होते आणि चावताना बाजूने बाहेर येत नाही. दोन्ही कापलेल्या बाजूंना बाजूला काढलेली लाल चरबी ब्रशने लावा आणि गरम तव्यावर उपड्या ठेवून दीड मिनिट शेका. पृष्ठभाग कडक होतो आणि चरबीचा थर रसाला अडवतो. ही एक पायरी गाळली तर पाच मिनिटांत खालचा पाव बसतो, म्हणून बाकी कुठेही घाई करा, इथे नको.

मांस काट्याने मोठ्या तुकड्यांत उकला, अंगठ्याएवढे. फार बारीक धागे केले तर ते रस पिऊन एकसारखा लगदा होतो आणि भाजलेल्या कडेचा तुकडा वेगळा लागत नाही. आटवलेला रस गरम करून मांसावर ओता, हलकेच हलवा. सुमारे १.१ किलो शिजलेल्या मांसाला २०० मिलिलिटर रस बरोबर बसतो. भांड्याच्या तळाशी तळं साचलेलं दिसता कामा नये.

खालच्या पावावर चमचाभर आलिओली, त्यावर ११० ग्रॅम मांस चिमट्याने उचलून, गरम असतानाच चीज, मग मिरच्या, आणि वरचा पाव. हाताने एकदा घट्ट दाबा. टोमॅटो घालायचा मोह होईल, कारण कातालुन्याचा टोमॅटो चोळलेला पाव सगळ्यांना माहीत असतो. तो कोरड्या हामोनबरोबर छान लागतो. इथे नको, ओलावा आधीच पुरेसा आहे. आंबटपणा हवा असेल तर सोबत लोणच्याच्या हिरव्या मिरच्या किंवा ऑलिव्ह द्या.

लगेच खा. पंधरा-वीस जणांना वाढायचं असेल तर आधी भरून ठेवू नका. मांस मंद आचेवर झाकून आणि पाव शेकून तयार ठेवा, ज्याने त्याने भरून घ्यावं. डब्यात न्यायचं असेल तर मांस थर्मासमध्ये, पाव कागदी पिशवीत. फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं, म्हणून गुंडाळायचंच तर कागदात.

उरलेलं मांस शिजवल्यापासून दोन तासांच्या आत रसासकट फ्रिजमध्ये टाका. तीन दिवस राहतं. फ्रीझरमध्ये दोन महिने. दुसऱ्या दिवशी रस जेलीसारखा गोठलेला दिसेल, तसाच मंद आचेवर झाकून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये कडा कोरड्या पडतात. शिळ्या ब्रोटशेनवर पाण्याचा हात फिरवून २०० अंशांवर पाच मिनिटं दिली की कड पुन्हा वाजायला लागते, पण एकदाच. दुसऱ्यांदा केलं तर पाव दगड होतो.